हाडातली वाट

पेल्व्हिस शिकवायच्या पहिल्या तासाला मी अख्खा वर्ग उभा करते आणि म्हणते, "भांडायला निघालेली बाई कशी उभी राहते, तसे उभे राहा." पोरी पटकन कमरेवर हात ठेवतात. पोरं आधी एकमेकांकडं बघून दात काढतात, मग ठेवतात. "आता हाताखाली जी कडा लागली ती इलियमची. आता बसा. ज्या दोन हाडांवर बसलात ते इस्कियम. मागं त्रिकोणी सॅक्रम, त्याच्या टोकाला माकडहाड, पुढं प्युबिसचा सांधा. ही हाडं जुळून एक बिनबुडाचं घमेलं होतं. सिझरवाले सोडले तर आपण सगळे त्याच घमेल्याच्या तळातून बाहेर आलो. तेव्हा जरा मान ठेवा." वर्ग हसतो. मी लातूरला शरीररचना शिकवते. तोंडाची फटकळ म्हणून माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही.

पुढच्या तासाला अरुंद पेल्व्हिस येतो. तेव्हा मी फळ्याकडं तोंड करून शिकवते. आकृत्या काढायच्या असतात हे खरं, पण तेवढंच कारण नाही. माझी थोरली बहीण तिथंच गेली.

आम्ही उमरीच्या पुढच्या एका खेड्यातले. बाप आम्ही लहान असताना काविळीनं गेला, शेत चुलत्यानं केलं आणि आम्हा दोघी बहिणींना मायनं वाढवलं. मी बापाच्या वळणावर गेले, उंच, थोराड. अक्का मायवर गेली. बुटकी, गोरी, हसली की डोळे मिटणारी. मी उंच म्हणून घागरी मी उचलायच्या आणि अक्कानं त्याची भरपाई म्हणून माझी वेणी घालायची, असा आमचा करार होता. वेणी इतकी घट्ट घालायची की दिवसभर भुवया वर ओढलेल्या राहायच्या. शाळेत बाई विचारायच्या, तुला सारखं कसलं आश्चर्य वाटतं गं?

अक्काला लातूरला दिलं. स्थळ चांगलं, जावई सहा फूट, नोकरीवाला. अक्का त्याच्या खांद्यालासुद्धा लागायची नाही. लग्नात बायकांनी त्यावरून फार चेष्टा केली. एकीनं तर अक्काला हार घालायला पाट आणून दिला. तीही हसली. आज ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, कारण त्या चेष्टेतच सगळं होतं. बुटकी बाई आणि थोराड बाळ. पण त्या मांडवात ते कुणाला दिसणार?

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. तो कुणी ठरवत नाही आणि कुणी मोडतही नाही. अक्काच्या सासरी लातुरात दोन गल्ल्या ओलांडल्या की मोठा दवाखाना होता. तरी सातव्या महिन्यात चुलता जाऊन तिला खेड्यात घेऊन आला. ओटीभरण झालं, नवव्यापर्यंत सगळं ठीक होतं. कळा सुरू झाल्या त्या दिवशी जीप करून तिला उमरीला नेलं, तिथून पुढं नांदेडला. मी तेव्हा नांदेडला डॉक्टरकीच्या दुसऱ्या वर्षाला होते. हॉस्टेलवरून पळत गेले तेव्हा गर्भपिशवी फाटलेली होती. बाळ आधीच गेलं होतं. दुपारपर्यंत अक्काही गेली. डॉक्टरांनी जिवाचं रान केलं, ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. माय दवाखान्याच्या ओट्यावर अक्काच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. त्या चपला खाली ठेव म्हणून सांगायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

त्यानंतर दर वर्षी, अक्काच्या तिथीला, जेवणं आटोपली की माय मला एकच गोष्ट विचारायची.

"बाळ कुठं आडकलं व्हतं गं?"

मी सांगायची. आधी रडत सांगायची, मग समजावून, मग मी शिक्षक झाल्यावर शिक्षकासारखं. "माय, हाड अरुंद होतं आणि बाळाचं डोकं मोठं होतं. वाटेत अडकलं." ती ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि भांडी गोळा करायला उठायची. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न, त्याच जागी बसून. मला वाटायचं, पोरीला लातुरातून खेड्यात आणली म्हणून ती स्वतःला खाते आहे. तिच्या जिवाला तोच घोर आहे असं मी धरूनच चालले. तो एकदाचा काढून टाकावा, एवढंच मला हवं होतं.

दुसरी एक गोष्ट होती आणि तिचा मला राग होता. मी माहेराहून निघाले की ओटी भरायला माय शेजारच्या चुलतीला हाक मारायची. विधवेनं सवाष्णीची ओटी भरायची नाही, पांढऱ्या कपाळाचा हात नको, ही रीत मलाही माहीत होती. पण माय ती फारच ताणायची. कुंकवाचा करंडासुद्धा मला हातानं देत नसे, फळीवर ठेवायची आणि म्हणायची, "घे तू." एकदा चुलती गावाला गेलेली होती, तर मी तशीच रिकामी निघाले. माय उंबऱ्याच्या आत हात पाठीमागं बांधून उभी. मी म्हणाले, "भर की गं तू. कोण बघतंय?" ती म्हणाली, "यष्टी निघून जाईल, जाय." माझ्या लग्नात ती मांडवात आलीच नाही, चुलीपाशी बसून राहिली. माझ्या बाळंतपणाला तर ती नांदेडला आलीसुद्धा नाही. डिंकाचे लाडू पाठवले चुलतीच्या हातानं. सिझर झालं होतं, टाके ओढत होते, आणि शेजारच्या खाटेवरच्या पोरीची आई तिच्या पोरीचे पाय चेपत होती. मी लाडवांचा डबा उघडलाच नाही. सगळे नर्सेसना वाटून टाकले. मला वाटलं, अक्का गेली तेव्हा हिची माया आटली. अक्का आवडती होती, मी उरलेली.

माझी बदली लातूरला झाली तेव्हा माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. लातूर म्हणजे अक्काचं गाव. "तिकडं मी येत न्हाई," म्हणाली, आणि किती वर्षं आली नाही. शेवटी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तांदळातले खडे दिसेनात, एकदा चहात साखर म्हणून मीठ घातलं. मी हट्टानं तिला घेऊन आले आणि इथं एका डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. काळा चष्मा लावून ती माझ्या गॅलरीत बसायची. माझा मुलगा म्हणाला, "आजी, तू डॉन दिसतेस." तिला डॉन म्हणजे काय ते कळलं नाही, पण ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसलेली बघितली मी तिला.

एका सकाळी चष्मा काढून तिनं माझ्याकडं बघितलं. "तू लई वाळलीस," म्हणाली. मग म्हणाली, "आता निवळ दिसून राहिलंय. मला ते हाड दाखव."

"कुठलं हाड?"

"तू पोरायला दाखवतीस ते. अक्काचं बाळ जिथं आडकलं ते."

मी आधी नाही म्हणाले. म्हाताऱ्या बाईला हाडं कुठं दाखवायची? पण मग वाटलं, तोंडानं सांगून एवढी वर्षं गेली. डोळ्यांनी बघितलं तर पटेल, आणि सुटेल बिचारी. रविवारी डिपार्टमेंटला कुणी नसतं. "बरं, चल," म्हणाले. निघताना तिनं कापडी पिशवी घेतली. नारळाची शेंडी वर दिसत होती. "ते कशाला?" विचारलं तर म्हणाली, "येताना देवीला जाऊ." मी बरं म्हणाले.

डिपार्टमेंटच्या म्युझियममध्ये शिरल्यावर मी सवयीनं ॲप्रन चढवला. मायनं चप्पल दाराबाहेर काढली, डोक्यावरचा पदर सारखा केला. मी म्हणाले, "अगं, देऊळ नाही हे." कपाटातून मी एक जुना पेल्व्हिस काढला, तारेनं बांधलेला, वापरून वापरून गुळगुळीत आणि पिवळा पडलेला, आणि टेबलावर तिच्यासमोर ठेवला. तिनं लगेच हात लावला नाही. भोवतीनं फिरून बघितला.

"बाईचं हाय का गड्याचं?"

"बाईचं. हे बघ." मी समोरच्या सांध्याखालची कमान दाखवली. "अंगठा आणि पहिलं बोट ताणून इथं बसवायचं. बसलं तर बाई. गड्याची कमान चिंचोळी असते."

तिनं आपला अंगठा आणि बोट ताणून तिथं धरलं. खुरपं धरून धरून वाकडी झालेली बोटं. बरोबर बसली.

"बाईचंच," ती म्हणाली. "नाव काय हिचं?"

"माहीत नाही. मी यायच्या आधीपासून इथंच आहे."

"लेकरं झाली व्हती का हिला?"

"हाडावरून तसं नक्की सांगता येत नाही, माय."

"म्हंजे हिच्या माघारी पुसणारं बी कुणी न्हाई," ती म्हणाली आणि मग तिनं हाडावर तळहात ठेवला.

मी शिकवायला लागले की मला थांबता येत नाही. बाळ वरून येताना तोंड बाजूला करून येतं, मधे वळतं, खाली येताना तोंड मागं करतं, कारण वाट वर आडवी रुंद आणि खाली उभी रुंद असते. आत दोन्ही बाजूंनी दोन काटे पुढं आलेले असतात, अरुंद हाडात ते जवळ येतात. सांगताना हातात काहीतरी हवं होतं. बाळाची कवटी कपाटात होती, पण ती तिच्यापुढं काढायला माझा हात होईना. मी तिच्या पिशवीतला नारळ उचलला आणि वरून त्या पोकळीत घातला. दाबला. नारळ थोडा आत गेला आणि अडकला. हलवला, फिरवला, पुढं सरकेना.

"असं," मी म्हणाले. "अक्काचं बाळ वळलंच नाही. इथं अडकलं."

मायनं खालून कमानीतून हात घातला. तिची बोटं चाचपत वर गेली आणि नारळाला टेकली.

"एवढं जवळ आलं व्हतं?"

"हो."

"बोट लागतंय की गं."

ती बोट लावून तशीच उभी राहिली. मी दुसरीकडं बघितलं. मग मी ठरवून आणलेलं सगळं बोलायला लागले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे सगळेच करतात. लातुरात ठेवली असती तर वाचली असती, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. "तू तिला खेड्यात आणलीस म्हणून ती गेली नाही, माय. हे मनातून काढून टाक."

"त्याचं कोण बोलून राहिलंय?" ती म्हणाली.

तिचं बोट अजून नारळावरच होतं.

"माहं हाड तिच्याहून ल्हान हाय," ती म्हणाली. "तू तर जन्मली तवाच सहा महिन्याच्या लेकरावानी व्हतीस. घरात झालीस, सुईणीच्या हातानं. मग माह्या हाडातून तू कशी आलीस? हाडाचं आसतं तर मीच गेले आसते."

मी म्हणाले, प्रत्येकीच्या हाडाचा आकार वेगळा असतो, बाळ कसं वळतं त्यावरही असतं. खरंच तसं असतं. पण ती ऐकत नव्हती. तिनं कमानीतून हात काढला आणि पदराला पुसला.

"मी भरली व्हती तिची ओटी," ती म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. ओटीभरणाच्या दिवशी ती सयपाकघरातच होती. सवाष्णींनी ओट्या भरल्या, जेवल्या, गेल्या. अक्का मात्र पाटावरून उठेना. मायला हाक मारून म्हणाली, "आता तू भर." माय नको म्हणाली. अक्कानं पदर पसरला आणि म्हणाली, "तुह्या हातची भरल्याबिगर मी उठत न्हाई. बसून राहते नवव्या महिन्यापस्तोर." हसत होती. पोटुशी पोर उपाशी होती, सगळ्यांच्या नंतर जेवायची होती. मायनं दार लोटलं आणि मूठभर तांदूळ तिच्या पदरात टाकले. "लई खूश झाली," माय म्हणाली. "म्हणली, आता खरी भरली."

तिनं आपला हात पुढं करून बघितला. "पांढऱ्या कपाळाचा हात. मला ठावं व्हतं. ठावं असून भरली. खाल्ली मी तिला."

मला इतका राग आला की काय सांगू. तिच्यावर, त्या रीतीवर, ज्यांनी कुणी ती तिच्या डोक्यात भरली त्यांच्यावर. "खुळी आहेस का तू?" मी ओरडले. "मूठभर तांदळानं माणूस मरतंय होय? तो नारळ बघ तिथं अडकलाय, तो दिसत नाही तुला? काय काय मनात धरून बसलीस एवढी वर्षं, आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस!" ती रडायला लागली. मी अजूनच ओरडले, "डोळ्याला पाणी लावू नको म्हणलंय डॉक्टरनं!" आणि मग मीही रडायला लागले.

फळीवर ठेवलेला करंडा, पाठीमागं बांधलेले हात, मांडवाबाहेरची चूल. माझ्या खाटेपाशी न आलेली माय. ती मला टाळत नव्हती. आपला हात माझ्यापासून लांब ठेवून ती मला जगवत होती, आणि मी तिचे लाडू नर्सेसना वाटले.

जरा वेळानं तिनं चष्म्याखालून डोळे टिपले आणि पिशवी जवळ ओढली. तिच्यातून तांदळाची पुडी काढली, हळकुंड, सुपारी आणि लाल खण. देवीचं नव्हतंच ते.

"ह्या बाईची भरू का?" तिनं मला विचारलं. परवानगी मागत होती. "कुणाची तरी लेक आसंल. हिचं आता काय वाईट व्हायचंय माह्या हातानं?"

डिपार्टमेंटच्या हाडांवर असलं काही करायचं नसतं. मी म्हणाले, "भर."

मी नारळ काढायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, हाय तिथं." मग तिनं त्या हाडावर खण पांघरला, दोन बाजूंना दोन्ही कडांवर नीट बसवला, हळकुंड-सुपारी ठेवली आणि ओंजळीनं तांदूळ घातले. खण मधे खचला, थोडे तांदूळ बाजूनं निसटून खालच्या पोकळीतून टेबलावर आले. ती काहीतरी पुटपुटत होती. लेकरं-बाळं म्हणता म्हणता थांबली, कारण हाडाला कसला आशीर्वाद द्यायचा ते तिला कळेना. "सुखी ऱ्हाय गं माय," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा इतका सैल झालेला मी अक्का गेल्यापासून बघितला नव्हता.

पुडीत थोडे तांदूळ उरले होते. मी पुढं झाले. साडी नव्हती, ड्रेस होता, म्हणून ॲप्रनचाच घोळ दोन्ही हातांनी धरला आणि तिच्यासमोर पसरला.

"आता माझी भर, माय."

तिनं माझ्याकडं बघितलं. उरलेले तांदूळ मुठीत घेतले. मूठ माझ्या ॲप्रनवर आली. मला खरंच वाटलं, आता टाकेल. मी हाड दाखवलं होतं, नारळ दाखवला होता, तिचं बोट लावून दाखवलं होतं. एवढं शिकवलं की शेंबड्या पोरांनासुद्धा कळतं.

मूठ उघडेना.

"तिनं बी आसाच पसरला व्हता," ती म्हणाली.

तिनं हात मागं घेतला, ते तांदूळही त्या हाडावर टाकले आणि रिकामी पुडी घडी घालून पिशवीत ठेवली.

"तुला आजून जगायचंय, बाई," ती म्हणाली, आणि चप्पल घालायला दाराकडं गेली. मी तशीच उभी होते, ॲप्रन पसरून.